मासे ऐकतात

लास व्हेगस, ४ मार्च १९८६

प्रिय दादा,

वहिनीला फोन केला की तू मागून "बरी आहे का विचार" एवढं ओरडतोस आणि घराबाहेर पडतोस, म्हणून हे पत्र. फोनची तार समुद्राच्या तळातून जाते आणि मासे सगळं ऐकतात, हे तुझं म्हणणं मी इथे हॉटेलच्या किचनमध्ये सगळ्यांना सांगितलं. फिलिपिनो आचाऱ्याला ते लगेच पटलं. बाकीचे हसले.

आता कामाचं. माझा नातू, क्लेटनचा ट्रॅव्हिस, बसायला लागलाय. डोकं आपल्या बाबांसारखं, चौकोनी. त्याच्या नाळेचा तुकडा गळून पडला तो मी कापसात गुंडाळून औषधाच्या बाटलीत घातला आणि फ्रीजमध्ये लोण्याच्या मागे ठेवलाय. मला वाटलं होतं सूनबाई शेरिल नाक मुरडेल. उलट तिनेच बाटलीवर 'फेकू नये' अशी चिठ्ठी चिकटवली. नेब्रास्कातलं त्यांचं शेत तिचे वडील गेल्यावर विकलं गेलं, तिथे आता कुणी तिसराच डुकरं पाळतो. परवा मला म्हणाली, "आई, माझ्याकडे मुलाला दाखवायला गावच नाही. तुमच्याकडे आहे, तर त्याचं तिथे काहीतरी असू दे." मी तिला आणखी भात वाढला.

तर आम्ही जुलैत बेटावर, आपल्या गावी होनोमालूला यायचं म्हणतोय. चित्रं कोरलेल्या खडकावरचा आपल्या घराण्याचा खळगा आईने फक्त तुला दाखवला, थोरला म्हणून. तुझी नाळ तिथे, माझी तिथे, क्लेटनचीही तिथेच. ट्रॅव्हिसची वर्षाच्या आत तिथे जायला हवी, नाहीतर पोर जन्मभर वाळवंटातलंच राहील. आम्हाला नेशील ना? तू हो म्हण, की तिकिटं काढते.

तुझी,
लेहुआ


होनोमालू, २५ मार्च १९८६

लेहुआ,

पत्र मिळालं. पोराचं डोकं बाबांवर गेलं असेल तर टोप्या मिळायला त्रास होणार, आत्ताच सांगून ठेवतो.

यंदा ओपेलू मासे भलतेच मानी झालेत. रोज सकाळी होडी काढून जातो, उकडलेला भोपळा आणि अळकुड्या चारतो आणि जाळं न टाकता परत येतो. असं पुष्कळ दिवस केल्यावर कुठे त्यांचा विश्वास बसतो. तुझी वहिनी एमालिया म्हणते, मला कधी एवढा भोपळा चारला नाहीस.

नवीन हॉटेलवाल्यांनी काळ्या खडकावर हिरवळ लावलीय आणि दिवसभर दगडांना पाणी पाजत बसलेत. तिथली एक पाहुणी देवळाच्या चौथऱ्यावर टॉवेल पसरून पडली होती. मी म्हटलं, बाई, इथे पूर्वी बळी देत. ताडकन उठली. कसले बळी ते तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आपल्या देवळात माशांखेरीज कधी काही वाहिलं नाही, तुला माहीतच आहे.

शेजारच्या काहालेची डुकरीण पुन्हा आपल्या केळीत शिरली. एमालियाचे गुडघे दुखतात, तोंड ठणठणीत आहे. सकाळी मी जरा पाय मोकळे करून येतो. बाकी ठीक.

सोलोमोना


लास व्हेगस, १० एप्रिल १९८६

दादा,

डुकरीण कळली, भोपळा कळला, चौथऱ्यावरची बाई कळली. मी जे विचारलं होतं ते पत्राच्या कुठल्या कोपऱ्यात लिहिलंयस ते शोधून थकले. उलटं धरून पाहिलं. शेरिल म्हणाली, "आई, मामांचं उत्तर आलं का?" मी म्हटलं, टपाल उशिरा येतं. खोटं बोलायला लावलंस मला.

क्लेटनला रजेचा अर्ज द्यायचाय. फक्त हो किंवा नाही एवढं लिही. एका शब्दाला शाई किती लागते?

लेहुआ


होनोमालू, २ मे १९८६

लेहुआ,

तुझं पत्र आलं. इकडे वारा दक्षिणेचा आहे, हवेत ज्वालामुखीची राख आहे, सगळे शिंकतायत. नीरफणसाला यंदा फळ चांगलं धरलंय. माझा कोयता बोथट झाला होता, मोरिकावाच्या दुकानात धार लावायला टाकला. वेडी बाभूळ फार माजलीय सगळीकडे. माझ्या हातावरचे ओरखडे बघून एमालिया म्हणते, मांजर पाळलंस की बाई?

डुकरीण व्याली. काहाले आता ती आपल्या केळीवर वाढली म्हणून एक पिल्लू देतो म्हणतोय.

पायाला रोज थोडी हालचाल हवी म्हणून सकाळी हिंडून येतो. ठीक आहे सगळं.

सोलोमोना


लास व्हेगस, १४ मे १९८६

दादा,

आता मी स्पष्टच लिहिते, कारण मला राग आलाय आणि रडूही आलंय.

तुला शेरिल पसंत नाही. लग्नानंतर ती दोघं तिकडे आली होती तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या बिचारीने पहाटे किनाऱ्यावर तुला गाठलं, हसून विचारलं, मासे धरायला निघालात का, भरपूर मिळू देत. तू जाळं खांद्यावरून उतरवलंस, टोपलीत टाकलंस आणि घरी परत गेलास. असं विचारलं की कोळी परत फिरतो, हे मी तिला नंतर समजावलं. पण पुढे ती तिथे होती तितके दिवस तू तिच्याशी एक अक्षर बोलला नाहीस, ते कसं समजावू? ती अजून मला विचारते, "मामांचं मी नेमकं काय बिघडवलं?" मी म्हणते, तो तसाच आहे. दरवेळी म्हणते.

आणि आता तिच्या पोराच्या नाळेला जागा मागायला आले तर तू मिठाची गुळणी धरून बसलास. नेब्रास्काच्या बाईचं पोर आपल्या खळग्यात नको, असंच ना? तसं लिही. वाचायची ताकद आहे मला. नाहीतर मी ती बाटली इथेच निवडुंगाखाली पुरते. मग तुझा खडक तुला लखलाभ.

जुलैचं मी आता धरून चालत नाही.

लेहुआ


होनोमालू, २४ मे १९८६

लेहुआबाई,

हे एमालिया लिहितेय. तुझा भाऊ तुझं पत्र वाचून समुद्राकडे तोंड करून बसला, जेवला नाही, अळकुड्यांच्या पोईचं भांडं तसंच परत आलं. म्हणून ते पत्र मीही वाचलं. वाचून मला तुझीच कीव आली. इतकी वर्षं वाळवंटात राहून तुझे कान वाळले का गं?

तुझ्या भावाने कधी कुठल्या कामाला निघण्याआधी ते काम तोंडाने बोलून दाखवलंय? बाकीच्यांचं हे मासेमारीपुरतं असतं. मासे धरायला चाललो म्हणायचं नाही, कुणी विचारायचं नाही, विचारलं तर परत फिरायचं. पण हा माणूस अख्ख्या आयुष्यालाच मासेमारी समजतो. मला मागणी घालायला आला तेव्हा माझ्या बापाला म्हणाला, जुनं जाळं असेल तर बघायला आलोय. बापाने दोन जाळी दिली. तीन वेळा आला, तेव्हा आमच्या घरात एकही जाळं उरलं नाही आणि मग आईने ओळखलं.

तू मार्चमध्ये विचारलंस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे कोयता घेऊन जातोय. खडकाकडची जुनी वाट हॉटेलच्या पलीकडे वेड्या बाभळीने पार गिळून टाकली होती. त्याने एकट्याने ती कापत आणली. रात्री पाय मिठाच्या पाण्यात घालून बसतो, मी काटे काढते. विचारलं, कुठे होतास? म्हणतो, पाय मोकळे करायला. पायांची चाळण झालीय आणि म्हणे मोकळे करायला! परवा वाटेची रुंदी मोजत होता, दोन्ही हात पुढे धरून, मूल कडेवर घेतलेली बाई जाईल एवढी आहे का म्हणून. मी झाडाआडून पाहिलं.

तो नको म्हणत नव्हता. तो हो म्हणत होता, रोज पहाटे.

शेरिलचं म्हणशील तर त्याला तिच्याशी बोलायला लाज वाटते. त्याचं इंग्रजी चर्चमधलं आहे. मला म्हणाला, त्या मुलीशी बोलायचं तर मला स्तोत्रंच म्हणावी लागतील.

हे मी तुला कळवलं ते त्याला सांगू नकोस, आणि दुसऱ्या कुणाला तर मुळीच नको.

तुझी वहिनी,
एमालिया


लास व्हेगस, ३ जून १९८६

वहिनी,

तुझं पत्र शेरिलला वाचून दाखवलं. दोन्ही हात पुढे धरून, तिथवर आले आणि मलाच वाचवेना, मग तिने हातातून घेऊन पुढचं वाचलं. मग आम्ही दोघी रडलो आणि ट्रॅव्हिस आमच्याकडे बघून हसला.

तिकिटं काढली. आणि एक सांगते, रागावू नकोस. मला आनंद पोटात ठेवता आला नाही. मोरिकावाच्या आजींना फोन केला, त्यांच्या दुकानात सुकवलेला ऑक्टोपस सांगायला म्हणून, आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. दादाला सांगू नका एवढं बजावलंय. त्या म्हणाल्या, छे छे, आम्ही कशाला बोलतोय.

मी दादाची कशी क्षमा मागू? त्याला निवडुंगाचं लिहिलं मी.

लेहुआ


होनोमालू, १२ जून १९८६

लेहुआबाई,

मोरिकावाच्या आजींना सांगितलंस म्हणजे तू गावात दवंडी पिटलीस. त्यांच्या दुकानात बर्फ घ्यायला कोण येत नाही?

दुसऱ्याच पहाटे तुझा भाऊ कोयता घेऊन निघाला. वळणावर काहाले दात घासत उभा. म्हणतो, "काय सोलोमोना, नातवाची वाट साफ करायला? छान, छान." तुझा भाऊ परत फिरला. घरी येऊन बसला. दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूने गेला, तर तिथे होड्या वल्हवणाऱ्या मंडळाच्या बायका कोयते घेऊन हजर, काका, आम्हीही येतो, पुण्य लागेल. परत फिरला. त्यांचा तरी काय दोष? मासेमारीचं कुणी विचारलं नसतं. त्यांना वाटलं दगडाच्या कामाला काय होतंय, दगडाला थोडेच कान असतात!

रविवारी पाद्रीबाबांनी प्रार्थनेत घेतलं. आमचा बंधू सोलोमोना जे काम करतोय त्याला यश दे. सगळ्या चर्चने आमेन म्हटलं. तुझ्या भावाने टोपी घातली आणि स्तोत्र अर्ध्यावर टाकून निघून गेला.

आता कोयता छपरावर टाकलाय. वाट थोडीच राहिलीय, शेवटचा चढ, पण तो जात नाही. मला एकदाच म्हणाला, "ज्याचा डंका पिटला ते काम पाण्यात गेलं, एमालिया. असं नेलं तर पोराला ते लाभणार नाही. माझ्या हाताने नाही नेणार मी." एवढं लांबलचक तो लग्नातही बोलला नव्हता.

खळगा कुठला ते त्याच्याखेरीज कुणाला माहीत नाही. खडकावर हजारो खळगे आहेत. मीच तुला लिहिलं, म्हणजे हा घोळ माझ्यापासून सुरू झाला. मला वाईट वाटतंय, पण तू फोन करायला नको होतास. आता काहीतरी तूच कर.

एमालिया


लास व्हेगस, २४ जून १९८६

प्रिय दादा,

इथे फार ऊन आहे. गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही, हातमोजे घालून चालवते. हॉटेलमध्ये एका म्हाताऱ्याला मोठं बक्षीस लागलं, तो रडायला लागला आणि बायकोला शोधत सुटला. बायको शेजारच्याच मशीनवर होती.

मोरिकावाच्या आजींना परवा फोन केला होता. यंदा आमचं काही जमत नाही, सगळं रद्द, असं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. गावात सगळ्यांना कळवते म्हणाल्या. पाद्रीबाबांनाही कळवते म्हणाल्या. मी म्हटलं, उपकार होतील.

बाकी विशेष नाही. एक टोपी घेतली, लहान पण मोठ्या मापाची. तू म्हणाला होतास तसा त्रास झाला, तीन दुकानं फिरले. क्लेटनने रजा घेतलीय, घरात बसून असतो. फ्रीज साफ केला, लोण्याच्या मागची जागा रिकामी झाली.

मीही फार दिवस एका जागी आहे. जुलैच्या मध्यावर जरा पाय मोकळे करून यावं म्हणते. चौघांनी पाय मोकळे करायचे म्हटलं की बॅगा बऱ्याच होतात.

मागच्या एका पत्रात मी वाकडंतिकडं लिहिलं होतं. ते चुकलंच, दादा.

तुझी,
लेहुआ


होनोमालू, ३० जुलै १९८६

चि. शेरिल,

हे पत्र सोलोमोना मामाकडून. तुला मी आधी कधी लिहिलं नाही. एमालियाने शब्द तपासलेत, तरी स्तोत्रासारखं काही आलं तर चालवून घे.

मासे किनाऱ्याला लागले की कोळ्याने वाटेल तेवढं बोलावं, बढाया माराव्या, अशी आमच्याकडे मुभा आहे. तेव्हा आता बोलतो. लेहुआचं पत्र वाचल्यावर मी छपरावरचा कोयता काढला. गावात कुणी काही विचारलं नाही. उलट सगळे माझ्याकडे दुःखी चेहरे करून बघत आणि मला केळी देत. शेवटचा चढ मी तुम्ही यायच्या आदल्या सकाळी संपवला.

मग ती पहाट. मी पायरी उतरलो तेव्हा तू पोराला घेऊन तिथेच बसली होतीस. माझ्या हातात टी झुडपाची, पवित्र कामाला लागणारी पानं होती, कुठे निघालोय ते उघड दिसत होतं. तू तोंड उघडलंस, आणि मी मनात म्हटलं, गेलं. पण तू तोंड मिटलंस, उठलीस आणि माझ्या मागून चालायला लागलीस. लेहुआ आणि क्लेटन पळत मागून आले, एका पायात चप्पल. संबंध वाटेवर कुणी बोललं नाही. फक्त ट्रॅव्हिस बोलत होता, पण तो काय म्हणतो ते अजून माशांनाही कळत नाही.

खळग्याशी गेल्यावर मी तुझ्याकडे हात केला, तेव्हा तू बाटली माझ्या हातात द्यायला लागलीस. मी मान हलवली आणि तुलाच खाली बसवलं. लेहुआ नंतर म्हणाली की आमच्यात हे आजी ठेवते. खरं आहे. पण लेहुआने फक्त फ्रीजमध्ये ठेवली होती. फेकू नये असं तू लिहिलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही विमानतळाकडे निघाल्यावर, मी जाऊन पाहिलं. झाकणाचा दगड जागच्या जागी, खाली नाळही जागच्या जागी. म्हणजे पोराला आयुष्य आहे. लेहुआला कळव, तिला निघताना हीच चिंता होती.

आता दुसरी गोष्ट. आपल्या खळग्याच्या डाव्या अंगाला एक खळगा रिकामा आहे. तुमचं शेत विकलं गेलं, तुला दाखवायला गाव नाही, हे लेहुआने मला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. तुझी नाळ कुठे पडली ते तुझ्या आईला आता आठवणार नाही. पण त्या डुकरंवाल्याला विचारलंस तर तो कुंपणाजवळची मूठभर माती काही नाही म्हणणार नाही. ती घेऊन ये. आपण ती त्या खळग्यात ठेवू. असं आजवर कुणी केलेलं नाही. पण खडकाचं बघणारा मी आहे, आणि मी म्हणतो चालेल.

एरवी मी असं काही आधी बोलून दाखवत नाही. झाल्यावर सांगतो. पण तू आमच्यात वाढलेली नाहीस, न बोललेलं तुला ऐकू येत नाही, आणि त्यात तुझा काही दोष नाही. गेल्या वेळी मी गप्प राहिलो ते तू भलतंच समजलीस आणि दोन वर्षं मनाला लावून घेतलंस. पुन्हा तसं व्हायला नको. म्हणून काम बिघडलं तर बिघडू दे, पण हे आधी लिहितोय: तू आम्हाला हवी आहेस, पोरी. पुढच्या उन्हाळ्यात माती घेऊन ये, मी वाट पाहतो.

तुझा,
सोलोमोना मामा